इथं झाडतं कोण?

“इथं झाडतं कोण?”

आगीच्या बंबावरनं उतरले की ते पहिलं हेच विचारायचे. मालक कोण, मॅनेजर कोण, ते मागनं. डोक्यावरचं हेल्मेट काढून काखेत धरायचे आणि जी बाई पुढं येईल तिच्यासमोर उकिडवे बसायचे. एवढा दांडगा माणूस, एवढाले बूट, आणि रस्त्यात आमच्या पायाशी. तुम्हीपण बघितलं असेल त्यांना, लालबागला गणपतीत गाडीला टेकून उभे असायचे. नाव मी कधी विचारलं नाय. आम्ही साहेब म्हणायचो, ते आम्हाला मावशी.

माझी शाळा दुसरीपर्यंत. मराठी पाटी अक्षर लावून लावून वाचते, इंग्रजी काय कळत नाय. नवऱ्याची गिरणी बंद पडली, पाठोपाठ तोही गेला. दोन पोरी होत्या. चिंचपोकळीला एका गाळ्यात झाडलोटीला लागले. कपडे रंगवणाऱ्या कारखान्यांचा माल तिथं यायचा. निळे ड्रम. ड्रमवर पिवळं चित्र, एक गोल आणि गोलावर आग. मी रोज फडक्यानं ते पुसायचे. चांगलं दिसायचं.

एका दिवशी ड्रम आडवा झाला. आतली पांढरी भुकटी लादीवर पसरली, लादी ओली, सगळा चिखल. आता गिरणीत तेल सांडलं की भुसा टाकायचा, हे मला नवऱ्यानं शिकवलेलं. घरात रॉकेल सांडलं तरी मी भुसाच टाकायचे. इथंपण टाकला, दोन घमेली. सगळं गोळा करून गोणपाटात भरलं आणि कोपऱ्यात ठेवलं. लादी अशी लख्ख झाली की मॅनेजर म्हणाला, “मावशी, क्या बात है!”

दुसऱ्या दिवशी सकाळभर मी लादीच्या फटीत वाळून राहिलेली भुकटी झाडत होते. साडीला, केसाला सगळीकडं तीच. जेवण झाल्यावर ते रात्रभरात कडक वाळलेलं गोणपाट बाहेर टाकायला म्हणून फरफटत ओढलं.

फस्स झालं. एकाच वेळी दहा भुईनळे लावल्यासारखं. मी हातातलं टाकून मागं पडले म्हणून वाचले. मॅनेजरनं लाल बादलीतली वाळू ओतली. वरनं वाळू आणि खालनं तो उजेड तसाच! वाळूच्या आत आग जळताना मी पहिल्यांदा बघितली. शेजारच्या ड्रमांना झळ लागायला लागली तसे सगळे बाहेर पळाले.

पोटमाळ्यावर फिलोमिना होती. भायखळ्याची, माझ्याबरोबरच लागलेली. वरती जेवायला बसली होती आणि जिना आगीच्या पलीकडं. खिडकीतनं तिचा आवाज येत होता, “बाय गो, मला काढा!”

बंब आला. साहेब उतरले. मॅनेजर पुढं धावला, “कुछ नहीं साहेब, साबणाची पावडर आहे.”

“इथं झाडतं कोण?”

मॅनेजर माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “तोंड उघडलंस तर उद्यापासून यायचं नाय.” माझ्या डोळ्यासमोर दोन्ही पोरी आल्या. खोटं का बोलू, मी पाऊल मागं घेतलं.

साहेब समोर येऊन बसले. हेल्मेट काखेत. घाई नाय की आवाज चढला नाय. “मावशी, वर तुमची मैत्रीण आहे. तिला काढायला मी माझी माणसं पाठवतोय. काय आहे आत?”

मी विटेचा तुकडा उचलला आणि रस्त्यावर चित्र काढलं. गोल. गोलावर आग.

ते बघून त्यांचा चेहरा बदलला. आवाज तोच. “आणि त्याच्यावर काय टाकलंत?”

“भुसा. मीच टाकला.”

मला वाटलं आता शिवी घालतील. “बरं झालं सांगितलंत. त्या भुकटीत भुसा मिसळला की नुसतं घासून पेटतं,” म्हणाले आणि उठले. “वाळू बंद! आग विझवायचे सिलिंडर बंद! पाणी मारा, लांबनं, थांबायचं नाय! ड्रम भिजवा आधी!” मग मॅनेजरकडं वळले. “ही आग दाबून मरत नाय. हिचा श्वास हिच्याजवळच असतो, त्या भुकटीत.”

त्या पाण्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे. मी बघतच राहिले. एवढ्या आगीसमोर हा माणूस बोटानं दाखवत होता, इकडं, आता तिकडं, जसं कोण भाजी निवडायला सांगतं.

तेवढ्यात त्यांची नजर माझ्यावर आली. “मावशी, साडी!”

समजायच्या आत त्यांनी माझ्यावर पाणी सोडलं. मी भिजून चिंब. “आता ही काढा. भुकटी बसलीय तिच्यात. वाळली आणि ठिणगी पडली तर तुम्हीच पेटाल.”

“साहेब, अख्खा रस्ता बघतोय.”

“लाजायला जिवंत राहायला पाहिजे, मावशी.”

मग त्यांनी हाक मारली. चार जवान आले, ताडपत्री धरून गोल उभे राहिले, चौघांची पाठ माझ्याकडं. पाचवी पाठ साहेबांची. आतमध्ये त्यांनी स्वतःचा कोट टाकला होता. तो जड कोट अंगावर घेतला तेव्हा कुठं मला रडू आलं.

फिलोमिनाला शिडीनं खिडकीतनं उतरवली. खोकून खोकून बेजार, पण हातात डबा. जवान ओरडला, “अगं डबा सोड!”

“का सोडू? बांगड्याचं कालवण आहे!”

साहेब हसले. तेवढंच एकदा हसताना बघितलं.

माझी साडी त्यांनी पाण्यानं भरलेल्या पिंपात बुडवून नेली, सुकू दिली नाय. मॅनेजरनं मला काढलं, ते तर होणारच होतं. मग मी घरकामं धरली, दुकानं झाडली, पोरी मोठ्या झाल्या.

दर गणपतीला मी लाडू घेऊन त्यांच्या गाडीपाशी जायचे. लाडू तोंडात टाकायच्या आधी साहेब विचारायचे, “हल्ली कुठं झाडता, मावशी? काय ठेवतात तिथं?” खिशातनं बारकी डायरी काढून लिहून घ्यायचे. एकदा मला पानं दाखवली. लालबाग, परळ, चिंचपोकळी, गल्ली न् गल्ली, आणि प्रत्येक गल्लीपुढं एकेका बाईचं नाव. मंगल. सुशीला. फिलोमिना. मी. आमच्या झाडूनं त्या माणसाला सगळा भाग पाठ होता. आम्हाला आमचं नाव असं कुणी लिहून ठेवलेलं ठाऊक नव्हतं.

मग एका गणपतीला गाडीपाशी दुसरेच उभे. साहेब रिटायर होऊन गावी गेले म्हणाले. पुढच्या वर्षी कळलं, गेले. छातीचा आजार होता. लाडवाचा डबा मी तसाच घरी आणला.

मागच्या महिन्यात आमच्या चाळीखालच्या दुकानातनं धूर आला. बंब आला, नवीन साहेब उतरले. दुकानदार हात हलवत होता, “काय नाय साहेब, पूजेचं सामान आहे.” साहेब त्याचंच ऐकत होते.

मी झाडू भिंतीला लावला आणि पुढं गेले.

“साहेब, इथं मी झाडते.”

“बोला आजी, लवकर. काय आहे आत?”

“सांगते. आधी ते हेल्मेट काढा आणि खाली बसा.”

बसले.