आधी पाणी, मग कॅमेरा

मावशी कोणाच्याही घरी पाणी प्यायल्याशिवाय कॅमेरा सुरू करू देत नसे. रज्जाकभाईंनी तिपाई लावलेली असायची, दिवे तापलेले असायचे, ज्याची मुलाखत घ्यायची तो माणूस नवा शर्ट घालून घामानं भिजलेला असायचा. आणि मावशी त्याच्या घरात मांडी घालून निवांत बसलेली. "पानी आना जी आधी," ती म्हणायची. पाणी आलं की गिलास दोन्ही हातांनी धरून शेवटच्या घोटापर्यंत प्यायची, पदरानं तोंड पुसायची आणि मग रज्जाकभाईंकडे बघायची. ती नजर म्हणजे कॅमेरा सुरू करण्याचा हुकूम.

एकदा मी तिला याचं कारण विचारलं. "ज्याच्या घरचं पानी पेलं त्याची बदनामी आपल्या तोंडून होत नाई," ती म्हणाली. "त्यालेही ते समजते. मंग तो मोकळा बोलते."

चंद्रपूरच्या केबलवर नव्वदीच्या शेवटी 'गल्लीतली माणसं' नावाचा कार्यक्रम लागायचा, त्याची ही गोष्ट. पंक्चरवाला, सुईण, खाणीवरून सायकलीनं कोळसा आणणारा, मोहर्लीहून शहरात मध विकायला येणारा म्हातारा, अशी माणसं त्यात यायची. कॅमेरा रज्जाकभाईंचा. ते मुळात लग्नांचं शूटिंग करायचे. निवेदन मी लिहायचो. माझे वडील कोळसा खाणीत होते आणि युनियनमध्येही. आमच्या घरी पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. त्यांच्या कोऱ्या पाठीवर मी मुळाक्षरं गिरवली आणि पुढे छापील बाजूही पाठ केली. मावशी पहिल्या भागात पाहुणी म्हणून आली होती. परकोटाच्या बाहेर एक तळं होतं, तिथल्या मासेमार ढिवरांच्या वस्तीतली ती, बाजारात मासे विकणारी. निवेदिका म्हणून आणलेली मुलगी दिव्यांपुढे घाबरून गप्प झाली, तेव्हा मावशीनंच तिला विचारायला सुरुवात केली. "कोनाची वं तू? सकाळी जेवली का नाई?" केबलच्या मालकांना सगळे भाऊ म्हणायचे. भाऊंनी ते बघितलं आणि दुसऱ्या भागापासून माइक मावशीच्या हातात दिला.

ती पाणी कुठंही प्यायची. सफाई कामगारांच्या चाळीत, कसायाच्या घरी, पारध्यांच्या पालात. आमच्या घरातल्या सगळ्या पत्रकांमध्ये समतेचं जे लिहिलेलं होतं ते ती एका गिलासात उरकायची, आणि सगळं शहर जेवता जेवता ते बघायचं. सगळ्यांना ते रुचत नव्हतं. एक गिऱ्हाईक बाजारात तिला म्हणालं, "आता तुमच्या हातची मासोळी घ्यावी का नाई, विचार करा लागते." मावशी खवले काढत म्हणाली, "करा न विचार. तवरिक हे मासोळी दुसऱ्याच्या घरी शिजन." खाणीजवळच्या वस्तीत पाण्यावर काळी साय तरंगत असायची. तेही ती प्यायची. रज्जाकभाई कपाळाला हात लावायचे. "मौसी, अगला एपिसोड दवाखाने में करना है क्या?"

ती साधीभोळी मात्र नव्हती. टीव्हीवर दिसायला तिला फार आवडायचं. शूटिंगच्या दिवशी ती दोन लुगडी घेऊन यायची आणि कोणतं टीव्हीवर उठून दिसेल हे रज्जाकभाईंना विचारायची. बाजारात कुणी ओळखलं नाही तर आवाज चढवून बोलायची, म्हणजे आवाजावरून तरी ओळखावं. निवेदन रेकॉर्ड करायची आमची खोली एका दुकानावर होती. खिडक्या विटांनी बुजवलेल्या, भिंतींना गोधड्या ठोकलेल्या, आवाज येऊ नये म्हणून पंखा बंद. चंद्रपूरच्या मे महिन्यात त्या खोलीत आम्ही उकडून निघायचो, पण मावशीनं कधी तक्रार केली नाही. "मासोळी पान्यात जगते, मी इथी जगतो," असं ती म्हणायची.

माझ्या पत्रकांची तिला गंमत वाटायची. मला ती 'पत्रकवाल्या' म्हणूनच हाक मारी. "तुयं पत्रक वाचते कोन? जो आधीच रागात आहे तोच न?"

"आणि तुमचा कार्यक्रम बघतं कोण?" मी म्हणायचो. "जो जेवून राह्यला तो. हात धुतला की विसरला."

"हे बरोबर बोलला," ती हसायची. "बोलते बाकी तू चांगला. थोडं हळू बोलत जा."

मग तळ्याचं प्रकरण आलं. त्या तळ्यात ढिवरांची सोसायटी वर्षानुवर्षं मासे धरत होती. आता तळ्याचा ठेका लिलावात जाणार होता, आणि तो घ्यायला एक मोठा ठेकेदार उभा होता. ठेका त्याला गेला असता तर वस्तीतल्या माणसांना आपल्याच तळ्यावर मजूर म्हणून उभं राहावं लागलं असतं. हा ठेकेदार केबलमध्ये भाऊंचा भागीदार होता. वस्तीतले लोक मावशीकडे आले. सोसायटीचा अध्यक्ष तिचा सख्खा दीर. तो म्हणाला, "वहिनी, साऱ्या गावाचं तू टीव्हीवर बोलते. आपल्या तळ्याचं एक डाव बोल." तिनं भाऊंना विचारलं. भाऊंचा आवाज कधी चढत नसे. "मावशी, तळ्याचं नाव निघालं की कार्यक्रम बंद. आणि कार्यक्रम बंद झाला तर तुमचं ऐकणार कोण?"

त्यात ती अडकली. कार्यक्रमात राहिली तर तोंड बंद, आणि सोडला तर तोंड उघडून उपयोग नाही. मी तिला म्हणालो, "सोडा. लिलावाच्या दारात उभ्या राहा, मी पत्रक काढतो." त्या आठवड्यात तिनं कार्यक्रमात एक शिवणकाम करणारी बाई घेतली, पुढच्या आठवड्यात एक बँडवाला. ती नेहमीसारखीच हसून बोलत होती. फक्त दुसरं लुगडं आणायचं तिनं बंद केलं.

लिलाव जवळ आला तेव्हा भाऊ म्हणाले, पुढचा भाग ठेकेदारावर करायचा. तोही गल्लीतूनच वर आलेला माणूस आहे. मी तिथंच भांडलो. भाऊंनी माझ्याकडे बघितलंही नाही, मावशीला म्हणाले, "तुम्ही स्वतः जा. समोरासमोर बसाल तर तो सोसायटीसाठी अर्धं तळं सोडेलही. माझ्या शब्दापेक्षा तुमच्या शब्दाला वजन आहे."

जिना उतरताना मी म्हणालो, "जाऊ नका."

"जातो," ती म्हणाली. "पन पानी नाई पेत. पानी नाई तं कॅमेरा नाई. आधी तळ्याचं बोलीन. तो हो म्हनन तवाच गिलास उचलीन."

मला तिचा बेत पटला. कार्यक्रम ठेकेदाराला हवा होता आणि तो सुरू करायची किल्ली मावशीकडे होती. इतके दिवस आम्ही त्यांच्या हातात होतो, त्या दिवशी पहिल्यांदा ते आमच्या हातात आले असं मला वाटलं.

ठेकेदाराच्या बैठकीत मोठा कूलर होता आणि पायाखाली गार फरशी. नोकरानं ट्रेमधून पाणी आणलं. मावशीनं हात लावला नाही. "थांबा जी. आधी थोडं बोलाचं आहे. तळ्याचं."

ठेकेदार हसला. "मावशी, तळं कुठं पळून नाही चाललं. आधी कार्यक्रम होऊ द्या."

"कार्यक्रमबी कुठी पयून नाई चालला."

रज्जाकभाई खाली बघून हसले. ठेकेदार खुर्चीत मागे रेलला. तो आणि मावशी दोघंही अडून बसले. कूलरचा आवाज तेवढा चालू होता आणि ट्रेमधल्या गिलासाला बाहेरून पाणी सुटलं होतं. मी मागे उभा राहून मनात म्हणत होतो, धरून राहा मावशी, आता तो बोलेल.

तेवढ्यात भिंत धरत धरत ठेकेदाराची आई आत आली. खूप थकलेली बाई. तिच्या हातात वेगळा गिलास होता, स्वयंपाकघरातून तिनं स्वतः भरून आणलेला. हात कापत होता आणि पाणी फरशीवर सांडत होतं. "नोकराच्या हातचं तू घेतलं नाई, म्हनून मी आनलं, बाई," ती म्हणाली. "मी दर डाव पाहतो तुले. आपल्या घरी कधी येईन, आपल्या घरी कधी येईन, असं पोराले इचारत होती."

मावशीनं गिलासाकडे बघितलं, मग म्हातारीच्या हाताकडे. मी खाकरलो. तिनं मागे वळून बघितलं नाही. दोन्ही हातांनी गिलास घेतला आणि शेवटच्या घोटापर्यंत प्याली.

तो भाग तिनं ठेकेदारावर केलाच नाही. त्याला एकही प्रश्न विचारला नाही. म्हातारीला शेजारी बसवून घेतलं आणि तिच्याशीच बोलत राहिली. म्हातारी लहानपणी मोहफुलं वेचायला जायची ते बोलली, लग्न होऊन बैलगाडीतून या शहरात आली ते बोलली, मेलेल्या लेकीचं बोलली. दारात उभा राहून ठेकेदार डोळे पुसत होता. रज्जाकभाईंनी त्याच्यावर कॅमेरा नेला. लग्नातली सवय, रडणारा माणूस त्यांच्या कॅमेऱ्यातून सुटत नसे.

इतका चांगला भाग आम्ही कधीच केला नव्हता. सगळं शहर त्याबद्दल बोललं. ज्या चौकात मी तळ्याची पत्रकं वाटत होतो तिथं लोक मला म्हणाले, "अरे, तो माणूस तसा वाईट नाई. आईसाठी कसा रडला पाह्यलं न?" पत्रक घडी करून खिशात घालायचे आणि निघून जायचे. मावशीच्या हातातली सगळी कला त्या दिवशी ठेकेदाराच्या कामी आली होती, आणि तिनं ते केवळ एका म्हातारीचं मन राखण्यासाठी केलं होतं. मला याचा संताप अजूनही येतो, आणि तो कोणावर काढावा हे अजूनही कळत नाही.

"तुमचे दीर काय म्हणाले?" मी तिला विचारलं.

"म्हने, वहिनी, कार्यक्रम मस्त झाला. बस, येवढंच. शिव्या देल्ल्या असत्या तं बरं वाटलं असतं."

"मग आता तरी बोला. लिलाव व्हायचाय अजून. पाणी प्यायलात म्हणजे जीभ विकली का?"

"विकली नाई गा. बांधली. अन् मीच बांधली. येवढ्या घरी पानी पेली, अन् या एका घरासाठी रीत मोडू? मंग त्या साऱ्या घरच्या पान्याचं काय राह्यलं?"

"आणि तळ्याच्या पाण्याचं?"

ती पदर खोचून उठली.

लिलाव झाला आणि तळं ठेकेदाराला गेलं. मावशीनं कार्यक्रम सोडला, बाजारातली जागा सोडली, आणि आरमोरीला लेकीकडे जायला निघाली. मी बसस्टँडवर गेलो. ती खिडकीजवळ बसली होती, मांडीवर बोचकं.

"पत्रक लिहून राह्यला का नाई?"

"लिहितोय. तळ्याचंच."

"त्यात मायं नाव टाकजो."

"कशाला?"

"बोलली नाई म्हनून."

"नाही टाकणार," मी म्हणालो.

"मंग ते अर्धंच राहीन," ती म्हणाली आणि बस हलली.

काही वर्षांनी ती आरमोरीतच वारली. मला उशिरा कळलं. तिची लेक मला शोधत चंद्रपूरला आली. "भाऊ, मायचा फोटो आहे आमच्याजवळ. आवाज नाई. तुमच्या कॅसेटमंधी असन न?" मी केबलच्या ऑफिसात गेलो. तिथं कॅसेट कधी जपून ठेवत नसत, एका कार्यक्रमावर दुसरा भरत. मावशीच्या सगळ्या भागांवर क्रिकेटचे सामने आणि भजनं भरलेली होती. रज्जाकभाईंनी बराच वेळ डोकं खाजवलं आणि म्हणाले, "एकच कॉपी निकली थी, भाई. ठेकेदार की अम्मा के लिए."

ज्याच्या विरुद्ध मी इतकी पत्रकं लिहिली त्याच्या दारात मी गेलो. त्यानं मला ओळखलं. आपली आईही वारली, असं तो म्हणाला. कॅसेटची दुसरी कॉपी काढून त्यानं स्वतः माझ्या हातात आणून दिली आणि वर एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर मला सोपं गेलं असतं.

आरमोरीला लेकीच्या घरी आम्ही ती लावली. शेजारच्या बाया जमल्या. पडद्यावर आधी ती बैठक आली, तो कूलर, ती गार फरशी. एका बाईनं विचारलं, "कोनाचं घर वं हे?"

"आमचं तळं घेतलं त्याचं," लेक म्हणाली.

मी उठलो आणि म्हणालो, "पुढं ढकलू का? म्हातारीचं बोलणं सुरू होतं तिथपर्यंत?"

"काऊन?" ती म्हणाली. "घर त्याचं असन. आवाज तं मायचा आहे न."

आणि ती टीव्हीजवळ गेली, आवाज वाढवला, आणि तिथंच जमिनीवर बसली.