पिठाच्या गिरणीवरचा रेडिओ

दादाचा कॉम्प्युटर क्लास शिवाजी पेठेत एका पिठाच्या गिरणीच्या वर होता. दुसरीकडं कुठं जागा मिळाली नाही म्हणून त्यानं ती घेतली आणि मग सोडायचं राहून गेलं. खाली गिरणी सुरू झाली की वरची फरशी थरथरायची. पीठ जिन्यानं वर यायचं, खिडकीतून यायचं, आणि कीबोर्डच्या फटींत जाऊन बसायचं. पावसाळ्यात दमट हवेनं त्याची खळ व्हायची. मग 'क' दाबला तरी उमटायचा नाही, आणि उमटला की ओळभर क क क क होऊन थांबायचा. दादा रोज सकाळी रंगाचा जुना ब्रश घेऊन चारही कीबोर्ड झाडायचा. नव्या बॅचच्या पोरांना तो कोर्सचाच भाग वाटायचा.

मी तेव्हा एका वकिलांकडं टायपिंग करायचे. सहाला ऑफिस सुटलं की घरी न जाता थेट क्लासवर यायचे. शेवटची बॅच गेली की दार लोटून घ्यायचं आणि आमचा खेळ सुरू करायचा. चारही कॉम्प्युटर वायरीनं एकमेकांना जोडलेले होते. एक पडकं गाव, त्यात भिंती, खोकी, पाण्याच्या टाक्या, आणि हातात बंदूक घेऊन एकमेकांना शोधायचं. सापडला की गोळी घालायची. आम्ही चौघं होतो. दादा, मी, माझी शाळेपासूनची मैत्रीण, आणि दादाचा एक मित्र.

मैत्रीण नर्स होती. दवाखान्यातून दमून यायची, फार बोलायची नाही, आणि न बोलता आम्हा सगळ्यांना एकेक करून मारायची. दादाचा मित्र दिवसा टेम्पो चालवायचा आणि पेठेतल्या एका फुटबॉल संघाचा गोलकीपर होता. मैदानात तो पुढच्याच्या बुटापुढं डोकं घालायचा. खेळात मात्र पाण्याच्या टाकीमागून बाहेर यायचाच नाही.

दादानं एकदा त्याला विचारलं, "का रं, एवढा कशाला भितोस?"

तो म्हणाला, "तिकडं फार तर पाय मोडतोय. हितं मरतोय की."

तेव्हा लोडशेडिंग भयंकर होतं. आमच्या भागात संध्याकाळी साडेसातच्या आसपास लाइट जायची. कधी थोडी आधी, कधी थोडी नंतर, आणि नेमकी मी जिंकायला लागले की. कॉम्प्युटरखाली यूपीएस होते, पण त्यांच्या बॅटऱ्या केव्हाच गेलेल्या. ते फक्त एकदा 'टूं' करायचे आणि सगळं काळं व्हायचं. मग अंधारात भांडण. कोण जिंकत होतं, कोण मरत होतं, कुणी कुणाचा पडदा चोरून बघितला. खाली गिरणीही बंद पडायची, त्यामुळं आमचं भांडण डबे घेऊन खोळंबलेल्या सगळ्यांना ऐकू जायचं.

त्या अंधारात चालू राहायचा तो फक्त रेडिओ. दादानं सेलवर चालणारा एक लहान ट्रान्झिस्टर खिडकीत ठेवला होता. कोल्हापुरात तेव्हा नुकतंच एक नवं एफएम स्टेशन निघालं होतं. त्याच्यावर संध्याकाळी एक बाई बोलायची. बोलायची म्हणजे आम्ही घरात बोलतो तशी. रेडिओवर बोलायचं म्हणजे कडक इस्त्रीची भाषा, असं आम्हाला लहानपणापासून माहीत. ही पहिल्याच दिवशी म्हणाली, "आलो बघा मी. जरा उशीर झाला, बस चुकली."

आमच्याकडं बायकासुद्धा 'मी आलो, मी गेलो' म्हणतात. बाहेरगावचे लोक त्यावर हसतात, म्हणून मी ऑफिसात जपून 'आले' म्हणायचे. त्या दिवशी रेडिओतून तो 'आलो' ऐकला आणि मला कुणीतरी पाठीवर थाप मारल्यासारखं वाटलं.

तिच्या कार्यक्रमात लोकांनी फोन करून आपली रोजची कटकट सांगायची असायची. "काय तरास हाय, पावणं?" असं विचारून ती ऐकून घ्यायची, निकाल द्यायची, आणि मग गाणं लावायची. कुणाच्या दारात शेजारी गाडी लावतो, कुणाच्या नळाला पाणी आलं की नेमके पाहुणे येतात, कुणाचा नवरा चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधतो. असल्याच गोष्टी. पण ती त्या इतक्या मन लावून ऐकायची की आपलाही त्रास काहीतरी किमतीचा आहे असं वाटायचं.

एके संध्याकाळी लाइट गेली आणि मी रागानं तिला फोन लावला. लागला.

"बोला ताई, काय तरास हाय?"

"मी जिंकायला लागलो की लाइट जातीया."

"कशात जिंकताय?"

"कॉम्प्युटरवर गेम खेळतोय आम्ही. गोळ्या घालायचा."

"कुणाला घालताय?"

"दादाला."

पलीकडं ती हसायला लागली ते थांबेचना. मग म्हणाली, "आणि लाइट गेल्यावर दादा काय म्हणतोय?"

"म्हणतोय, मीच जिंकत होतो."

"मग आता ऐका दोघंबी. लाइट जाताना जो जिता, त्यो जिंकला. मेलेल्यानं मधी बोलायचं न्हाई."

खालून गिरणीपाशी कुणीतरी टाळ्या वाजवल्या. घरी गेले तर आईनंही ऐकलेलं. ती म्हणाली, "भावाला गोळ्या घालतीस, आणि वर ते रेडिओवर सांगतीस व्हय?"

निकाल सोपा होता, पण त्यानं आमचा खेळच बिघडला. जिवंत राहिलं की जिंकलं, म्हटल्यावर साडेसात जवळ आले की चौघंही लपून बसायला लागलो. पडक्या गावात चिटपाखरू हलायचं नाही. चौघं चार कोपऱ्यांत, डोळे घड्याळाकडं, आणि लाइट काही जायची नाही. असली लाइट आम्ही कधी बघितली नव्हती. गोलकीपर तेवढा खुशीत होता. तो म्हणाला, "आता खरा गेम कळला तुम्हाला."

शेवटी मैत्रिणीनं स्वतः फोन लावला, जी एरवी कुणाला वेळ विचारायलाही लाजायची. रेडिओवालीनं सगळं ऐकून घेतलं आणि निकाल बदलला. "लपून बसलेला मेला असं धरा. धावताना मेला त्यो जिता."

गोलकीपर म्हणाला, "ह्यो अन्याय हाय."

असं वर्षभर चाललं असेल. तिचा आवाज म्हणजे आमच्यातला पाचवा गडी होता. आणि मग एका सोमवारी रेडिओ लावला तर त्यात ती नव्हती. एक मुलगा भराभर हिंदीत बोलत होता, मध्येच कसलातरी 'ढॅण' आवाज, पुन्हा बोलणं, पुन्हा ढॅण. आम्हाला वाटलं स्टेशन हललं. दादानं काटा इकडं तिकडं फिरवला. सेल बदलले. एरियल ओढून लांब केली, तर ती हातातच आली. मग एक वायर जोडून तो रेडिओ घेऊन गच्चीवर गेला आणि गच्चीवरूनही तोच मुलगा बोलला.

मैत्रीण म्हणाली, "सुट्टीवर असेल."

दुसऱ्या दिवशीही तोच. तिसऱ्या दिवशी तिच्या नंबरवर फोन लावला, तर एका यंत्रानं तीन भाषांत धन्यवाद दिले. त्या आठवड्यात आमचा खेळ काही रंगला नाही. खोटं कशाला सांगू, मला रडू आलं. घरातलं माणूस न सांगता गावाला गेल्यासारखं झालं होतं. ऑफिसात एक दिवस वकिलांचा एक अर्ज मी दोनदा चुकवला आणि त्यांनी माझ्याकडं चष्म्याच्या वरून बघितलं.

शनिवारी दुपारी गोलकीपर टेम्पो घेऊन आला. म्हणाला, "चला, जाऊन विचारू. लोकं म्युन्शिपाल्टीत जात्यात, आपण रेडिओत जाऊ."

स्टेशनचं ऑफिस एका नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर होतं. खालच्या वॉचमननं विचारलं, "कुणाला भेटायचंय?" आणि तेव्हा आमच्या लक्षात आलं की तिचं खरं नावही आम्हाला माहीत नाही. दादा म्हणाला, "त्या 'काय तरास हाय' म्हणतात त्या." वॉचमन हसला. म्हणाला, "त्या काय, जिन्यातनं खाली याल्यात बघा."

आम्ही सगळ्यांनी मनात एक विशीतली, जीन्स घातलेली पोरगी धरली होती. जिन्यातून चाळिशीच्या एक बाई येत होत्या. सुती साडी, पायांत साध्या चपला, एका हातात कपबश्यांची पिशवी आणि दुसऱ्या हातात तुळशीची कुंडी. आम्ही नुसतं बघत राहिलो. त्या म्हणाल्या, "काय पावणं, वाट द्या की."

तो आवाज. मैत्रीण पुढं झाली आणि तिनं त्यांच्या हातातली कुंडीच घेतली.

दादानं विचारलं, "तुम्ही बोलायच्या का थांबला?"

"थांबलो कुठं, थांबवलं," त्या पायरीवर टेकत म्हणाल्या. "स्टेशन दुसऱ्यांनी घेतलं. त्यांनी सांगितलं, हिंदीत बोला आणि लिहून येईल तेवढंच बोला. मी म्हटलं, लिहिलेलं वाचायला शाळेतली पोरं हाईत की. मग म्हणाले, बाईमाणूस 'मी आलो' म्हणत न्हाई. मी म्हटलं, मग आतापतूर आलं कोण?"

आम्ही हसलो, त्याही हसल्या. मग कपबश्यांची पिशवी मांडीवर घेत म्हणाल्या, "खरं सांगू का, घरी करमत न्हाई. आठ दिवस झालं म्हशीसंगट बोलालोय. तीबी तोंड फिरवतीया."

त्या शहराजवळच्या गडमुडशिंगी गावच्या होत्या. गोलकीपर म्हणाला, "टेम्पोनं सोडतो तुम्हाला घरापतूर. पण आधी च्या घ्यायला चला. हितनं जवळच हाय."

अशा त्या आमच्या क्लासवर आल्या, आणि वाटेत आम्ही कोण ते त्यांना सांगून झालं. जिना चढताना पिठाचा वास घेत म्हणाल्या, "भावाला गोळ्या घालायची जागा हीच व्हय?" मला लाज वाटली आणि अभिमानही. चहा झाला. मग त्यांना खेळ दाखवला. त्यांनी माउस असा धरला, जणू उंदीरच पकडलाय. पडद्यावर त्या बराच वेळ भिंतीलाच धडका देत होत्या आणि तोंडानं सगळं सांगत होत्या. "ही भिंत. ही पण भिंतच. कुणी बांधलं ह्ये गाव, दारं ठेवायची इसरला." मैत्रीण इतकी हसत होती की तिचा नेम पहिल्यांदाच चुकला. तेवढ्यात टाकीमागं दडलेला गोलकीपर त्यांना अचानक दिसला. त्यांनी दचकून सगळी बटणं एकदम दाबली आणि तो मेला.

आणि लाइट गेली.

खाली गिरणी थांबली. साडेसात कसे वाजले ते कुणालाच कळलं नव्हतं. डबे घेऊन आलेल्या बायका कुरकुरायला लागल्या. सवयीनं मी खिडकीतल्या रेडिओकडं हात नेला आणि मागं घेतला. त्यांनी ते बघितलं असावं. त्या उठून खिडकीत गेल्या, खाली वाकल्या आणि अगदी रेडिओतल्यासारखंच म्हणाल्या, "काय तरास हाय, पावणं?"

खालच्या सगळ्या माना वर वळल्या. मग एक म्हातारा वर बघून म्हणाला, "तुमी रेडिओतल्या न्हवं? हितं कशा?"

"रेडिओतनं भाईर पडलोय. बोला तुमी."

पाच मिनिटांत निम्मे लोक जिन्यावर आले. एका आजीबाईंनी तक्रार केली की त्यांच्या ज्वारीत दर वेळी कुणाचातरी गहू मिसळतो आणि भाकरी थापताना फाटते. गिरणीवाल्याला वर बोलावलं. तो डोक्यापासून पायापर्यंत पांढरा, अंधारात तेवढाच दिसत होता. तो म्हणाला, "आजी, तुमची भाकरी फाटतीया त्यात गव्हाचा काय दोष? हात कापतोय तुमचा."

"हात कापतोय तर मी डबा उचलून आणला कसा?"

निकाल असा झाला की आजीबाईंची ज्वारी सकाळी, जातं झाडून झाल्यावर सगळ्यांत आधी दळायची आणि गिरणीवाल्यानं त्यांच्याकडची एक भाकरी खाऊन खात्री करायची. मग म्हातारा म्हणाला, "आता गाणं लावा." त्या म्हणाल्या, "गाणं कुठनं आणू? ज्याच्यावर निकाल लागला त्यानंच म्हणायचं." गिरणीवाला आधी नको नको म्हणाला आणि मग त्यानं डोळे मिटून एक भजन धरलं. सूर कुठं लागत नव्हता, पण आवाज पहाडी. मध्येच लाइट आली. त्यानं डोळे उघडले नाहीत, आणि दळण सुरू कर असं कुणी म्हटलंही नाही.

त्या संध्याकाळी गोलकीपर त्यांना घरी सोडून आला. वाटेत त्यानं त्यांना फुटबॉलच्या सामन्याचं वर्णन करायला तयार केलं होतं. पुढच्याच महिन्यात पेठेतल्या संघांच्या सामन्यात माइकवर त्या बोलल्या. पहिल्या दिवशी काही जुनी मंडळी नाक मुरडत होती. मध्यंतरापर्यंत तीच मंडळी माइकच्या जवळ सरकून बसली. त्यानंतर त्यांना लग्नांत, शाळांच्या गॅदरिंगला, गणपतीत बोलावणी यायला लागली. म्हशीशी बोलायला वेळ मिळत नाही म्हणून त्या कुरकुर करायच्या.

स्टेशन मात्र गेलं ते गेलंच. नाव तेच, जागा तीच, पण ते कुठल्याही गावचं असू शकलं असतं. आम्ही दोन-तीनदा परत लावून बघितलं आणि सोडून दिलं. मला त्याची हळहळ पुष्कळ दिवस वाटत राहिली. त्यांना भेटायला मिळायचं, तरीही. भेटणं वेगळं. संध्याकाळी गावातल्या हजार घरांत एकच माणूस एकाच वेळी बोलतंय, हे वेगळं.

आमचा खेळही पुढं फार टिकला नाही. दादाच्या बॅचमधली पोरं मागं थांबायला लागली आणि त्यांनी आम्हाला इतक्या पटापट मारलं की पडकं गाव त्यांनाच देऊन टाकलं. मग आम्ही चौघं संध्याकाळी रंकाळ्यावर जायला लागलो. काठावर बसायचं, भेळ खायची आणि कुठल्याही गोष्टीवरून मोठमोठ्यानं वाद घालायचा. एकदा भेळवाल्यानं कागदाचा पुडा पुढं करत विचारलं, "भांडण व्हायलंय का गप्पा?"

मैत्रीण म्हणाली, "आम्हालाबी ठावं न्हाई. कांदा जरा जास्त घाला."