खुंटीला लावलेला खडू

आक्का, मी मिरज सोडली तेव्हा तू दारात रडत होतीस. आप्पा स्टेशनापर्यंत आले, पण आत आले नाहीत. सतारी घडवण्यात त्यांचा जन्म गेला होता. म्हणाले, "सतारीचा हात खोकी ठोकायला नेतोस व्हय? जा."

पिंपरीच्या कारखान्यात मी खरंच खोकी ठोकत होतो. सन चौपन्न-पंचावन्नचा सुमार. शेजारच्या बाकावर पेद्रू मेस्त्री असत, मूळचे गोव्याचे. तरुणपणी जहाजावर होते, तेव्हा स्पेनमध्ये राहून फ्लॅमेंको गिटार करायला शिकलेले. तिकडच्या नाचाला साथ करणारी ही गिटार. वाजवणारा मधूनच तबलीवर, म्हणजे तारांखालच्या फळीवर, बोटांनी ठोके देतो, म्हणून ती फार पातळ, हलकी. आता संधिवातानं मेस्त्रींची बोटं वळत नव्हती. मी सतारवाल्याचा मुलगा हे कळल्यावर त्यांनी गिटारच्या कडांसाठी स्पेनहून आणलेल्या लाकडाच्या पट्ट्या ट्रंकेतून काढून माझ्या हातात दिल्या. "एकच जोड आसा. मोडलो तर संपलं."

तबलीसाठी यंत्रांच्या खोक्यातली सरळ रेषांची फळी साहेबांना विचारून घेतली. रविवारी मेस्त्रींच्या खोलीत काम चाले. तापलेल्या लोखंडी नळीवर ओली पट्टी हळूहळू वाकवायची. आपल्याकडं सतारीला भोपळा आयता गोल मिळतो. लाकूड असं वाकवायची मला सवय नव्हती. गिटारच्या कमरेच्या वळणावर कट्‌ असा आवाज झाला आणि मी हात काढायला गेलो.

"हात काढू नको! तसाच धर," मेस्त्री ओरडले. बारीक चीर होती. आतून सरस आणि लाकडाची पातळ कपची लावून ती धरली. नंतर कितीतरी दिवस मी मेस्त्रींच्या नजरेला नजर दिली नाही.

तारा चढवायच्या त्याच रविवारी आप्पा न कळवता आले. पत्ता विचारत थेट मेस्त्रींच्या खोलीवर. बॅग खाली न ठेवता त्यांनी तबलीवर टिचकी मारली.

"फार पातळ. फुटंल."

"पातळच होयी," मेस्त्री म्हणाले.

दोघांच्या मध्ये बसून मी तारा ताणू लागलो. तबली कुरकुरली. तारांखालची घोडी उपटून येते की काय, अशी भीती. तेवढ्यात वरची खुंटी सुटली, तार ढिली पडली. पुन्हा पिळली, पुन्हा सुटली. घामानं हात निसटत होते.

आप्पांनी बॅग ठेवली. कोटाच्या खिशातून खडूचा तुकडा काढला, खुंटी उपसून तिला चोळला आणि जागेवर दाबून बसवली. "आता पीळ. हळू."

खुंटी हलली नाही. तार सुरात आली, तबली टिकली. मेस्त्रींनी वाकड्या बोटांनी चार स्वर छेडले, तबलीवर ठोका दिला. आप्पा डोळे मिटून ऐकत राहिले. मग एवढंच म्हणाले, "दुसरी करशील तेव्हा मला बोलव."

दोन दिवस ते माझ्याकडं राहिले. मी तोवर त्या जागेला खोलीच म्हणायचो. निघताना चिंचवडच्या फलाटावर एका म्हाताऱ्यानं विचारलं, "पाव्हणं, कुणाकडं आला होता?"

आप्पा म्हणाले, "कुणाकडं म्हंजे? घरीच."

आक्का, मी पिंपरीला घर म्हणायला लागलो ते तेव्हापासून.