जेवणाचा सीन

चंद्रभान रामटेके सीताबर्डीवरच्या एका टॉकीजमध्ये पिक्चर चालवायचा. हुद्दा सेकंड ऑपरेटर. हेड ऑपरेटर मनोहरराव. मशीनमध्ये उजेडासाठी कार्बनची कांडी कशी लावायची, तुटलेली फिल्म कशी जोडायची, हे मनोहररावांनीच त्याला हात धरून शिकवलं, आणि ते उपकार चंद्रभान कधी विसरला नाही. केबिनमध्ये चहा आला की मनोहररावांचा कप टेबलावर असायचा आणि चंद्रभानचा, कान तुटलेला, खिडकीत. तसं कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी कप खिडकीत दिसला, त्यानं तिथून उचलला, आणि आता बारा वर्षं तो तिथूनच उचलत होता.

रविवारी सकाळी इंग्रजी पिक्चर लागायचा. भाषा दोघांनाही यायची नाही, पण काळ्या-गोऱ्यांचे पिक्चर चंद्रभाननं इतके चालवले होते की त्यांची रीत त्याला तोंडपाठ झाली होती. काळा माणूस म्हणजे ड्रायव्हर, नाहीतर आचारी, नाहीतर कैदी. स्वभावानं साधुसंत. गोरा त्याला छळणार, तो गोऱ्याचा जीव वाचवणार आणि बहुतेक शेवटच्या रिळात मरणार. मग गोरा रडणार, थिएटर रडणार, आणि रडून मोकळी झालेली मंडळी बाहेर जाऊन समोसे खाणार. त्या मेलेल्याच्या घरी कोण आहे, त्याची बायको आता काय करेल, हे दाखवायला कोणाजवळ रीळ शिल्लक नसायचं. चंद्रभानला याचा फार राग यायचा. बोलणार कोणाजवळ?

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात मात्र तीन रविवारांसाठी एक वेगळा पिक्चर आला. त्यात म्हातारा गोरा मालक आपल्या काळ्या ड्रायव्हरच्या घरी जातो, स्वयंपाकघरात खुर्ची ओढून बसतो आणि त्याच्या बायकोनं वाढलेलं मुकाट्यानं जेवतो. चार मिनिटांचा सीन, कोणी काही बोलत नाही. पिक्चर लांब होता. बाराचा हिंदी शो रखडू नये म्हणून मॅनेजरनं चार-पाच मिनिटं कापायला सांगितली. कापायचं काम चंद्रभानचं. प्रिंट परत जाताना तुकडा जोडून द्यायचा. त्यानं मोटारींच्या शर्यतीवर कात्री चालवली, जेवणाला हात लावला नाही. तो सीन आला की मनोहरराव झरोक्याशी उभे राहून रुमालानं डोळे पुसायचे. दुसऱ्या रविवारीही तसेच पुसले.

चंद्रभानला वाटलं, हा माणूस जेवेल आपल्या घरी.

बुधवारी त्याच्या थोरल्या पोरीचं, शामलाचं लग्न होतं. त्यानं पत्रिका दिली आणि सांगितलं, "जेवाले या बरं मनोहरराव. नुसतं तोंड दाखवून जाऊ नका."

"येतो ना गा," मनोहरराव म्हणाले. "शामला काय परकी हाय का?"

हे घरी कळल्यावर त्याची बायको जयवंता बाजारात गेली आणि स्टीलचं एक कोरं ताट घेऊन आली. कोरं कशाला, म्हणून चंद्रभान तिच्यावर चिडला. तिनं ऐकून घेतलं आणि ताट मांडणीवर वेगळं ठेवलं.

मनोहरराव आले. इंदोऱ्याच्या वस्तीतल्या मांडवात पुढच्या रांगेत बसले, बुद्धवंदना झाली तेव्हा हात जोडून उभे राहिले, शामलाला चांगलं भारी लुगडं दिलं. जयवंतानं कोऱ्या ताटात पुरी, वांग्याची भाजी, बुंदी वाढून आणली. त्यांनी पोटावर हात ठेवला. आज आपला उपास आहे, ताट पाहूनच पोट भरलं, असं म्हणाले. पाणीसुद्धा घेतलं नाही. चंद्रभाननं त्यांना सायकलपर्यंत पोचवलं.

मनोहरराव गुरुवार करायचे, हे त्याला बारा वर्षं माहीत होतं. दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला आणि केबिनमधल्या कॅलेंडरसमोर उभा राहिला. बुधवारच्या चौकोनात ना एकादशी होती ना चतुर्थी. मागे मनोहररावांनी डबा उघडला. साबुदाण्याची उसळ होती. कधी नव्हे ते लागोपाठ दोन दिवस त्यांनी उपास धरला होता.

तिसऱ्या रविवारी शर्यत पूर्ण दाखवली गेली. म्हातारा गोरा ड्रायव्हरच्या दारापर्यंत आला आणि पुढच्याच क्षणी मोटारीत बसून निघालासुद्धा. खाली कोणाच्या लक्षात आलं नाही. झरोक्याशी रुमाल काढून उभे असलेले मनोहरराव वळले.

"जेवणाचा सीन काहून कापला गा? तोच तं जीव होता पिक्चरचा."

चंद्रभान रीळ गुंडाळत होता. त्यानं वर पाहिलं नाही.

"आज त्या गोऱ्याचा उपास होता, मनोहरराव."

मनोहररावांनी रुमालाची घडी केली आणि तो खिशात ठेवला. चहा आला. खिडकीतला कप तसाच निवला.

प्रिंट परत गेली तेव्हा चंद्रभाननं तुकडा इमानदारीनं जोडून दिला. सोमवारी त्यानं खिडकीतून कप उचलला. अजून दोन पोरींची लग्नं व्हायची होती. त्या लग्नांच्या पत्रिका मनोहररावांना गेल्या नाहीत, आणि त्यांनीही कधी विचारलं नाही.

शहाऐंशीत चंद्रभान निवृत्त झाला, तेव्हा कप खिडकीतच होता.