गाऱ्हाण्याने वळलेली रेल्वे

रेडीच्या लवूला गावाबाहेर कोणी ओळखत नाही, पण गावात त्याच्यावाचून पान हलत नाही. देवळात गाऱ्हाणं घालायचं ते लवूनेच. होडीचं नवं इंजिन असो नाहीतर कोणाचा कुवेतचा व्हिसा, लवू हात जोडून देवाला सगळं साग्रसंगीत सांगतो आणि मागून सगळे "व्हय म्हाराजा!" म्हणतात. एकदा व्हय म्हटलं की तो देवासमोर दिलेला शब्द. आणि गाऱ्हाणं घालणाऱ्याने स्वतःसाठी काही मागायचं नाही, ही आमच्या देवळाची रीत.

तर गेल्या वर्षी परदेशी पैशावर रेडी बंदरातून खाडी ओलांडून गोव्यात जाणाऱ्या रेल्वेची आखणी सुरू झाली. कोरियाहून कंपनीचे हान साहेब आले, सोबत दुभाषी म्हणून सावंतवाडीची दीपिका. नकाशावरची लाल रेघ गावच्या राखणदार देवाचा वड, पाण्याची विहीर आणि आमच्यातल्या ख्रिस्ती कॉस्मेच्या आजोबांनी वाटेवर उभारलेला खुरीस, म्हणजे क्रूस, या तिन्हींच्या उरावरून जात होती. लवूची काजूची बाग मात्र सुखरूप होती. त्याच्या आईने कळशीकळशीने पाणी घालून जगवलेली ती झाडं. लवूचा सगळा जीव त्या बागेत. नकाशा बघून तो जरा जास्तच खुशीत आला, हे मी स्वतः पाहिलंय.

कामाचा नारळ देवळात फोडायचा, ही कल्पना लवूचीच. दीपिकाने साहेबांना सांगून ठेवलं, सगळे ओरडतील तेव्हा तुम्हीही ओरडा, गावाला बरं वाटेल.

लवूने सूर लावला. "बा म्हाराजा, ही रेल्वेची रेघ वडाक लागता, ती बाजूक कर!"

"व्हय म्हाराजा!" साहेबांचा आवाज सगळ्यांत मोठा. मग विहीर झाली. मग "आमच्या कॉस्मेचो खुरीस राख!" झालं. साहेब घामाघूम होऊन ओरडत होते आणि आम्ही एकमेकांना कोपराने ढोसत होतो.

जेवताना दीपिकाने अर्थ सांगितला, तेव्हा साहेबांचा घास हातातच राहिला. पण माणूस इमानी निघाला. देवासमोर बोललोय तर रेघ वळवतो, म्हणाला.

महिन्याभराने त्यांनी नवा नकाशा देवळातच पसरला. वड सुटला, विहीर सुटली, खुरीस सुटला. वळसा घेतलेली रेघ थेट लवूच्या बागेतून गेली होती.

कोणी हसेना. लवूची पुतणी अनुजा म्हणाली, "काका, परत घाल गाऱ्हाणां."

"माझ्याच तोंडान मागलंय गो," लवू म्हणाला. "आता खंयच्या तोंडान मागे घेव?" त्याच्याकडे बघवत नव्हतं.

तेव्हा कॉस्मे उठला. गाऱ्हाणं त्याने उभ्या जन्मात घातलं नव्हतं. सवयीने त्याने आधी छातीवर क्रूस काढला, मग हात जोडले.

"बा म्हाराजा, माका नीट येणा नाय. पण ह्या लवून सगळ्यांसाठी मागल्यान. त्येच्यासाठी कोणी मागूक नाय. त्येची बाग राख!"

दीपिकाने ते साहेबांच्या कानात सांगितलं. या वेळी त्यांना अर्थ पुरता ठाऊक होता, तरी सगळ्यांच्या आधी तेच ओरडले, "व्हय म्हाराजा!" मग आम्ही सगळे. लवू त्या दिवशी पहिल्यांदाच मागच्या रांगेत होता. त्यालाही व्हय म्हणायचं होतं, पण स्वतःसाठी मागायचं नाही ही रीत आठवून त्याने नुसते हात जोडले.