हरतालिकेची भाकर

मीरा, ओंकार, तुमच्या आईने फोनवर सांगितलं की मीराचं अर्धं डोकं दुखतं आणि ती दिवसदिवस खोलीत अंधार करून पडते. आपल्या घराला ही अर्धशिशी नवी नाही. म्हणून मास्तरीणकाकूविषयी आताच लिहिते.

मास्तरीणकाकू म्हणजे माझ्या धाकट्या काकांची बायको. सौंसरच्या मराठी शाळेत शिकवायची. तिचं जेवण कोणासाठीही थांबत नसे. माझ्या लग्नात मुहूर्त लांबला, तेव्हा पहिल्या रांगेत बसून ती डब्यातली पोळी खात होती. कोणी हसलं तर म्हणाली, "नवरीचं लग्न आजच्यापुरतं आहे, माझं डोकं रोजचं आहे."

ही शिस्त तिला महागात मिळाली होती. १९५६ साली नागपूर मुंबई राज्यात गेलं, आपण मध्य प्रदेशात राहिलो, आणि शाळेची पत्रं हिंदीत येऊ लागली. हिंदीची परीक्षा पास झाली नसती तर काकूची नोकरी गेली असती. पहिल्या वेळी छिंदवाड्याला पेपर हातात आला आणि तिच्या डोळ्यांपुढे चमकायला लागलं. शब्दांचा डावा भाग दिसेना. मग डोकं ठणकू लागलं. कोरा पेपर देऊन ती घरी आली.

सौंसरचे डॉक्टर म्हणाले, "बाई, किती दुखतं ते राहू द्या. कधी दुखतं ते सांगा." काकू पंचांगात दुखण्याच्या दिवशी पेन्सिलीने टिंब काढू लागली. काही महिन्यांनी पाहिलं, तर बरीचशी टिंबं चतुर्थी-एकादशीवर बसली होती. उरलेली बहुतेक जागरणाच्या दुसऱ्या दिवशी. डॉक्टरांनी गोळीही दिली, चमकू लागताच घ्यायची. "आधी गोळी, मग कण्हणं," असं काकू म्हणे.

दुसरी परीक्षा, म्हणजे शेवटची संधी, नेमकी हरतालिकेला आली. त्या दिवशी आमच्या घरातल्या बायका पाणीही पीत नसत. सकाळी काकू भाकर घेऊन बसली. माझी आजी, म्हणजे तिची सासू, दारात थांबली.

"सूनबाई, आज हरतालिका होय. तू खाऊन राहिली?"

"खाऊन राहिली, आई. नाही खाल्लं तर पेपरात अर्धीच अक्षरं दिसतील."

"अन् नवऱ्याच्या आयुष्याचं काय?"

काका ओसरीवरून म्हणाले, "मी धडधाकट आहे, आई. तिला वरण वाढ."

आजीने वरण वाढलं नाही. पण ताटही उचललं नाही.

निकाल लागल्यावर हीच आजी शेजारी सांगत फिरली, "आमच्या सूनबाईनं खाऊन पेपर देल्ला, अन् पास झाली."

काकूचं दुखणं पूर्ण कधीच गेलं नाही. आठवड्याला यायचं ते दोन-तीन महिन्यांनी येऊ लागलं, एवढंच. तेवढ्यावर ती त्याच शाळेची मुख्याध्यापिका झाली. मी कॉलेजात इंग्रजी शिकले, पण स्वतःच्या शरीराकडे नीट बघायला तिच्याकडून शिकले.

काकू जाऊन पुष्कळ वर्षं झाली. सौंसरच्या घरात हरतालिकेची पूजा अजून होते. ज्या सुनेचं डोकं दुखतं ती सकाळी जेवून पूजेला बसते, आणि तिला कोणी काही विचारत नाही.