कर्जतमध्ये आशिया

समाजाला शहाणं करायला निघालं, की समाज आहे तसाच राहतो. आपल्याकडे किस्से मात्र साठतात. साठच्या दशकात आमच्या आशिया परिचय मंडळानं कर्जत-खालापुरात त्यांचं घाऊक उत्पादनच काढलं होतं. अध्यक्ष रिटायर्ड हेडमास्तर गोगटे सर, चिटणीस मी. सरांचा परदेशाचा अनुभव दांडगा. माथेरानला थंडीत राहून आले होते.

*

शिळफाट्याला जपानी चहापान ठेवलं. चहा कसा सावकाश, मन लावून प्यावा, यावर सर तासभर बोलले. मग बिनदुधाचा फिकट चहा आला. भातगिरणीवाले पाटील कपात बघत बसले. एक घोट घेऊन शेजाऱ्याला म्हणाले, "हळू प्यायला का सांगत व्हते, ते आता समाजलं."

*

त्याच दिवशी सरांनी कमरेत वाकून जपानी नमस्कार करून दाखवला. वाकले आणि कंबर धरली. सर उठेनात. जपानी रीतीचा मान म्हणून सगळा हॉलही वाकून उभा. शेवटी पाटील खालूनच म्हणाले, "गुर्जी, जपानात सोडतात कधी?"

*

'चीन : आपला थोर शेजारी' हे व्याख्यान सरांचं आवडतं. लांबलचक भिंतीचं चित्र दाखवून म्हणायचे, "केवढी ही चिकाटी!" मग सीमेवर युद्ध पेटलं. मी म्हटलं, "सर, रद्द करू या." सर म्हणाले, "छे. विषय तयार आहे."

व्याख्यान झालं. तीच चित्रं, तीच भिंत. सर म्हणाले, "पाहा, भिंतीआड लपणारे लोक." टाळ्या पूर्वीपेक्षा जास्त पडल्या.

*

मग पळसदरीच्या शाळेत ब्रह्मदेश. रविवारची दुपार, भिंतीवर चित्रांचे तक्ते. पुढे पारूबाई बसली होती. तिचा नवरा दुसऱ्या महायुद्धात पलटणीबरोबर ब्रह्मदेशात गेला, तो परतला नव्हता. तो मेल्याचं तिनं कधी मानलं नाही, कुंकू लावायची. गावात सगळ्यांना माहीत होतं. सरांना नव्हतं, आणि मी सांगितलं नव्हतं.

सरांनी पॅगोडे दाखवले, नद्या दाखवल्या, भातशेती दाखवली. ती एकेक तक्ता जवळ जाऊन बघून आली. शेवटी सरांनी विचारलं, "कुणाला काही शंका?"

पारूबाई उभी राहिली. "गुर्जी, तितं आपलं बोलनं कुनाला समजतं का?"

शंका आली म्हणून सर खूश झाले. "अजिबात नाही, बाई. त्यांची भाषा अगदीच वेगळी."

"मंग आमचा मानूस इतकी वर्सं बोलतो कुनाशी?"